खाडीतली बोट बॅटरीवर आणि उन्हावर चालवायची तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्सोवा, मार्वे, गोराई, ठाण्याची खाडी, भाऊचा धक्का… जिथे जिथे बोटी आहेत तिथे हल्ली एकच विषय निघतो: डिझेल परवडत नाही, छपरावर सोलर टाकून बॅटरीवर चालवता येईल का? खाली त्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. हिशेब समजावा म्हणून सगळीकडे एकच नमुना धरला आहे: ९ मीटर, म्हणजे तीस फुटी, फायबरची बोट, वीसेक माणसं बसणारी, वर सपाट छप्पर. तुमची बोट याहून जड किंवा रुंद असेल तर आकडे वाढतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

नुसत्या उन्हावर बोट चालेल का?

नाही. चालेल म्हणून कोणी सांगत असेल तर त्याला छपराचं माप विचारा.

आपल्या नमुन्याच्या बोटीवर साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद छप्पर मिळतं. त्यावर ५५० वॅटचं पॅनेल मोठ्या मुश्किलीने चार बसतात. झाले २.२ किलोवॅट, तेही कागदावरचे आणि भर दुपारचे. मुंबईत एक किलोवॅट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे तुमचं छप्पर दिवसाला आठ-नऊ युनिट देणार. मार्च-एप्रिलमध्ये थोडं जास्त, जुलै-ऑगस्टच्या झडीत तीन-चार मिळाले तरी देवाची कृपा म्हणायची.

बोट चालताना मोटर पाचेक किलोवॅट ओढते. म्हणजे ऐन दुपारीसुद्धा पॅनेल मोटरची निम्मी भूकही भागवत नाहीत. सोलरचं खरं काम वेगळं आहे. बोट धक्क्याला उभी असताना, माणसं चढत-उतरत असताना ते गुपचूप बॅटरी भरत राहतं. दिवसभराच्या विजेतला एक वाटा छपरावरून, उरलेला धक्क्यावरच्या प्लगमधून, असं गणित मनाशी धरा म्हणजे फसगत होणार नाही.

किती वीज लागेल ते ठरवायचं कसं?

आधी वेग ठरवा. या सगळ्या प्रकरणात याहून मोठा निर्णय नाही, आणि नेमका हाच निर्णय लोक सगळ्यात शेवटी घेतात.

पाणी कापत जाणाऱ्या बोटीला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या पटीत वाढते. आपली बोट ५ नॉटने, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटरने चालवायला ५ किलोवॅट लागतात असं धरू. तीच बोट ६ नॉटने पळवायची तर साडेआठच्या वर लागतात, आणि ७ नॉटला चौदाच्या आसपास. ७ नॉटच्या पुढे तर भिंतच उभी राहते, कारण ९ मीटर लांबीची बोट साधारण सव्वासात नॉटला स्वतःच्याच लाटेत अडकते. मागचा भाग खाली बसतो, नाक वर येतं आणि इंजिन नुसतं पाणी घुसळत राहतं. डिझेलवर हे लक्षात येत नाही, कारण जास्तीचं डिझेल कुठे गेलं ते दिसत नाही. बॅटरीचा आकडा मात्र डोळ्यांदेखत खाली येतो.

उलट बाजूने पाहा. ५ वरून ४ नॉटवर आलात की ५ किलोवॅटचे अडीच होतात. वेळ पाव पट वाढतो, लागणारी ताकद निम्म्यावर येते. ५ नॉटला एका सागरी मैलाला १ युनिट लागतं, तर ४ नॉटला ०.६४ युनिट. म्हणून खाडीच्या आरपार जाणाऱ्या पाच-दहा मिनिटांच्या फेरीला वीज शोभते. तिथे एक मिनिट जास्त लागलं तर कोणी तक्रार करत नाही. तिकिटाचे सुटे पैसे देण्याघेण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

भरती-ओहोटीचा हिशेब कसा धरायचा?

मुंबईत तो धरल्याशिवाय पुढे जाऊच नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, आणि तेवढं सगळं पाणी सहा तासांत खाडीच्या तोंडातून आत शिरायचं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर पडायचं. अशा दिवसांत प्रवाह २ नॉट सहज असतो, अरुंद जागी त्याहून जास्त. भांगाच्या दिवसांत, सप्तमी-अष्टमीच्या सुमारास, हाच प्रवाह बराच मंदावतो.

पाण्यातला वेग ५ नॉट आणि प्रवाह समोरून २ नॉट असेल तर जमिनीच्या मानाने तुम्ही ३ नॉटनेच सरकता. मैलाला १ युनिट लागायचं तिथे १.६७ लागतं. परतताना प्रवाह पाठीशी आला तर ०.७१ लागतं. जाऊन-येऊन बेरीज २.३८, प्रवाह नसता तर २ झाली असती. फायदा आणि तोटा एकमेकांना फेडत नाहीत, तोटाच थोडा जास्त असतो. आणि जाता-येता दोन्ही वेळा पाणी समोरूनच आलं, जे ओहोट लागायच्या वेळेला होऊ शकतं, तर बॅटरीचा अंदाज साफ कोलमडतो.

खाडी आडवी कापणाऱ्या फेरीला हा त्रास कमी. ५ नॉटची बोट २ नॉटच्या आडव्या प्रवाहात तिरकी धरून नेली तरी सरळ रेषेत साडेचार नॉट हाती लागतात. वर्सोवा–मढ आणि मार्वे–मनोरी या फेऱ्या विजेसाठी उत्तम वाटतात त्या अंतर कमी म्हणून तर खऱ्याच, पण प्रवाह आडवा मिळतो म्हणूनही. लांब पल्ल्याची सहल असेल तर वेळापत्रक घड्याळाला न बांधता भरतीच्या तक्त्याला बांधा. जुने तांडेल शिडाच्या काळात हेच करत होते.

विलायतेत कालव्यांवर लोक सोलर लावलेल्या होड्यांमध्ये राहतात. मग इथे एवढा बाऊ कशाला?

कारण ते पाणी वेगळं. इंग्लंडच्या कालव्यांतल्या अरुंद होड्या जेमतेम दोन मीटर रुंद असतात, पण लांबी बऱ्याचदा १५ ते २० मीटर. बहुतेक कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे आपलं भरभर चालणं. पाणी स्थिर, गोडं, भरती नाही. लांब छप्पर पॅनेलसाठी मोकळं. अशा होडीला चालायला चार-पाच किलोवॅट पुरतात, आणि कित्येक दिवस ती एकाच जागी बांधलेली असते, तेव्हा बॅटरी आरामात भरते. इथे वीस माणसं दर दहा मिनिटांनी न्यायची आहेत, खाऱ्या पाण्यातून, उधाणात. त्यांच्याकडून घ्यायचं ते पाणी मागे रेटणारा मोठा पंखा आणि सावकाश वेग. पॅनेल आणि बॅटरी यांचं प्रमाण मात्र त्यांचं उचलू नका.

कोचीत जमलं, मुंबईत का नाही?

जमेल, पण केरळात काय जमलं ते नीट बघा. जानेवारी २०१७ मध्ये केरळच्या वैकम–तवणक्कडव फेरीवर 'आदित्य' सुरू झाली, ७५ आसनांची. तिच्या छपरावर २० किलोवॅटचे पॅनेल, पोटात ५० युनिटची बॅटरी, आणि २० किलोवॅटच्या दोन मोटरी. रचना दुहेरी तळाची, कॅटामरान. दोन सडपातळ तळ पाणी सहज कापतात आणि वर सात मीटर रुंदीचं प्रशस्त छप्पर मिळतं. आपल्या एकाच तळाच्या बोटीला एवढं छप्पर कधीच मिळणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोच्या शंभर प्रवाशांच्या बोटी कोचीन शिपयार्डने बांधल्या. त्यांची भिस्त सोलरवर नाही, धक्क्यावरच्या झटपट चार्जिंगवर आहे.

दोन्हीकडे पाणी बॅकवॉटरचं. तिथे भरती-ओहोटीतला फरक एखाद्या मीटरपर्यंतच, म्हणून तरंगता धक्का आणि चार्जरची केबल सांभाळणं सोपं जातं. मुंबईत तोच धक्का चार-पाच मीटर वर-खाली करायचा आहे. बोट आणायला तेवढा वेळ लागत नाही, धक्का बांधायला लागतो.

बॅटरी कुठली घ्यावी? ई-रिक्षाची चालेल?

ई-रिक्षातली शिशाची बॅटरी स्वस्त असते, हे खरं. पण हिशेब करा. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, वजन पंचावन्न किलोच्या घरात. ती निम्म्याहून जास्त रिकामी केली की लवकर मरते, म्हणजे कामाचं फक्त ०.९ युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेटचा (एलएफपी म्हणतात तो) ५१ व्होल्ट, २८० अँपिअर-तासाचा संच १४.३ युनिटचा असतो, त्यातले साडेअकरा बिनधास्त वापरता येतात आणि वजन पेटीसकट १०० ते १२० किलो. तेवढीच वापरायची वीज शिशात साठवायची तर तेरा बॅटऱ्या, सातशे किलोच्या वर. म्हणजे दहाबारा प्रवासी कायमचे फुकट नेण्यासारखं.

आणखी एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते. शिशाच्या बॅटरीतल्या आम्लात समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरिन वायू सुटतो, आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो तो वेगळाच. बंद फळ्यांखाली, माणसांच्या पायाखाली, ही दोन्ही संकटं नकोत.

लिथियममध्येही प्रकार आहेत. बऱ्याच मोटारींमध्ये असते ती निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी हलकी, पण बिघडली तर एलएफपीपेक्षा कमी तापमानाला पेटते. टायटॅनेटची (एलटीओ) झटपट भरते, हजारो वेळा भरली-रिकामी केली तरी टिकते, पण जड आणि फार महाग. कोची वॉटर मेट्रोने ती घेतली कारण त्यांना फेऱ्यांच्या मधल्या काही मिनिटांत भरायची होती. आपल्या मापाच्या बोटीला एलएफपीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त जहाजासाठी प्रमाणित केलेला संच घ्या, घरच्या इन्व्हर्टरसाठी जोडलेला नको. तो हादरे आणि खारी हवा सोसायला बनवलेला नसतो.

आमच्या फेरीला किती बॅटरी पुरेल?

अर्ध्या किलोमीटरची फेरी, दिवसाला ४० खेपा धरू. नुसत्या अंतराचा हिशेब केला तर खेपेला पाव युनिटच्या थोडं वर येतं. पण धक्क्याला लागताना मागे-पुढे करणं, माणसं चढेपर्यंत प्रवाहात नाक दाबून धरणं, याला जवळजवळ तेवढीच वीज जाते. म्हणून खेपेला अर्धं युनिट धरा. दिवसाला झाली २० युनिट. वर सांगितलेल्या मापाचे दोन संच घेतले तर वापरायला २३ युनिट मिळतात, आणि उन्हाळ्यात छपरावरून आठ युनिट येतात ती वरकमाई. सोलर धरून बॅटरी लहान घेण्याचा मोह टाळा, ढगाळ दिवशी तीच बोट दुपारी तीनला बसकण मारेल.

जुनी बोट बदलता येते की नवीच बांधावी लागते?

तळ धड असेल तर बदलता येते. डिझेल इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, सायलेन्सर हे सगळं काढलं की तीनेकशे किलो सहज हलके होतात, आणि तेवढ्यात बॅटरीचं वजन जिरतं. शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) आणि ग्लँड (शाफ्टभोवतून पाणी आत येऊ न देणारं सील) तेच ठेवता येतात. इंजिनाच्या पायांवर मोटर बसते.

पंखा मात्र तोच ठेवू नका. डिझेलला जुळलेला पंखा बहुतेक वेळा लहान आणि वेगात फिरणारा असतो. मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा त्याच विजेत जास्त रेटा देतो. मोटर पट्ट्याने किंवा गिअरने मंद करून असा पंखा लावला तर फरक बॅटरीच्या आकड्यात लगेच दिसतो. इथे जागेची अडचण येते, कारण बोट ओहोटीला चिखलात बसते आणि तळाखाली मोठा पंखा मावायला हवा. सुतार किंवा फायबरवाला दाखवूनच व्यास ठरवा.

केबलचंही बघा. ५१ व्होल्टवर १० किलोवॅट ओढायचे म्हणजे जवळजवळ २०० अँपिअर. एवढ्याला ७० चौरस मिलिमीटरची केबल लागते, तीही कलई केलेल्या तांब्याची. साधं तांबं खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात हिरवं होतं, सांधे तापतात आणि मग वास येईपर्यंत कोणाला कळत नाही.

खाडीतला प्लास्टिक कचरा पंख्यात अडकला तर?

अडकणारच. डिझेल इंजिनावर दुधाची पिशवी गुंडाळली गेली तर आवाज बदलतो, धूर वाढतो, तांडेल ओळखतो. मोटर आवाज करत नाही. ती निमूटपणे जास्त करंट ओढत राहते. म्हणून सुकाणूसमोर करंट दाखवणारा मीटर मोठ्या अक्षरांचा आणि उन्हात वाचता येईल असा बसवा. रोजच्या वेगाला ९५ अँपिअर दिसायला हवेत आणि १४० दिसतायत, तर पंख्याला काहीतरी लागलंय. थांबवा, थोडं उलटं फिरवा, बऱ्याचदा पिशवी सुटून मागे तरंगताना दिसते. जाळ्याची नायलॉनची दोरी असेल तर ती उलटं फिरवून सुटत नाही, आणखी आवळते. तिथे मोटरची वीज मेन स्विचने पूर्ण तोडून, आकडीने किंवा पाण्यात उतरून कापावी लागते. मेन स्विच न तोडता पंख्याजवळ हात नेऊ नका. बंद डिझेल इंजिन आपोआप सुरू होत नाही, पण मोटरचा पंखा कोणाचा तरी धक्का लिव्हरला लागला तरी फिरतो.

असाच आकडा आठवडाभर हळूहळू चढत गेला तर तो कचरा नाही. तळाला शंख-शिंपले धरले आहेत, बोट वर काढून घासायची वेळ झाली.

पॅनेलना खारी हवा, पक्षी यांचा त्रास होतो का?

खाऱ्या हवेपेक्षा पक्ष्यांचा जास्त. थंडीत सीगल येतात, लोक त्यांना गाठी-फरसाण टाकतात, आणि त्याची पोचपावती छपरावर पडते. एका पॅनेलवर एका कोपऱ्यात एवढीशी शिट पडली तरी त्या रांगेतल्या सेलचा प्रवाह अडतो आणि नुकसान त्या डागाच्या मापापेक्षा कितीतरी जास्त होतं. रोज सकाळी गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायचं, ऊन चढायच्या आधी. खाऱ्या पाण्याने धुऊ नका, वाळलं की मिठाचा थर उरतो. आणि शक्य असेल तर प्रवाशांना फरसाण पुढच्या बाजूने टाकायला सांगा. ऐकत नाहीत, पण सांगा.

वाकणारे, पातळ पॅनेल दिसायला छान आणि हलके असतात. आपल्या उन्हात ते लवकर फोड येऊन खराब होतात. काचेचे घ्या. चार काचेचे पॅनेल आणि चौकट मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन डोक्यावर चढतं, त्यामुळे बोट जास्त डोलते. बॅटरी शक्य तितकी खाली आणि मधोमध ठेवली की तोल परत सावरतो.

चार्जिंग कुठे करायचं?

मी हा प्रश्न उलटा विचारतो: बोट रात्री कुठे उभी असते? धक्क्याला, की खाडीत नांगरावर? नांगरावर असेल, ओहोटीला धक्क्यापासून चाळीस फूट चिखल असेल, तर जगातली उत्तम बॅटरीही रिकामीच राहील. कितीतरी बेत इथेच संपतात, आणि ते मोटर विकत घेण्याआधी संपलेले बरे.

धक्क्याला बांधता येत असेल तर साधा १६ अँपिअरचा प्लग साधारण ३ किलोवॅट देतो. वर सांगितलेल्या दोन संचांतली वापरलेली २३ युनिट भरून काढायला रात्रीचे आठेक तास लागतात. रात्र मोठी आहे, चालतं. दुपारी तासाभरात भर घालायची असेल तर थ्री-फेज जोडणी आणि मोठा चार्जर लागतो, आणि त्यासाठी वीज कंपनीकडे स्वतंत्र मीटरचा अर्ज. मुंबईत हद्दीप्रमाणे बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण.

केबल लोंबकळत ठेवताना भरतीचा फरक विसरू नका. रात्री अकराला नीट बांधलेली केबल पहाटे पाचला ताणून तुटू शकते किंवा पाण्यात बुडू शकते. पुली आणि वजन लावून ती आपोआप वर-खाली होईल अशी करा, किंवा तरंगत्या पाँटूनवर प्लग घ्या. धक्क्यावरच्या जोडणीला ३० मिलिअँपिअर करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी स्विच आणि चांगलं अर्थिंग हवंच हवं. ओल्या पायाने, ओल्या हाताने, अंधारात प्लग लावणारा मुलगा कोण असतो ते तुम्हालाही माहीत आहे.

बोट धक्क्याला येतच नसेल तर एकच पर्याय उरतो: अडीच युनिटच्या, पंचवीस किलोच्या आसपासच्या पेट्या, होडीतून ने-आण करता येतील अशा. लहान होडीला जमतं. वीस माणसांच्या फेरीबोटीला रोज रात्री आठ-दहा पेट्या वाहायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की पेट्या पाण्यात पडतात.

शॉक बसेल का? आग लागेल का?

६० व्होल्टच्या खालची डीसी यंत्रणा माणसाला तुलनेने सुरक्षित. म्हणून लहान बोटीला ४८-५१ व्होल्टच बरे. मोठ्या बोटींना शेकडो व्होल्ट लागतात, ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

खरा धोका शॉर्ट सर्किटचा. एलएफपी बॅटरी क्षणात हजारो अँपिअर सोडू शकते, पाना दोन टोकांवर पडला तर वितळतो. बॅटरीच्या टोकाला लगेच, मध्ये वीतभरही केबल न सोडता, टी वर्गाचा फ्यूज लावा. पेटी पाणी साचण्याच्या पातळीच्या वर, पण बंद हवेत नको. वायू बाहेर पडायला वाट ठेवा, ती प्रवाशांच्या दिशेने नको. आग लागलीच तर लिथियमला थंड करावं लागतं, त्याला भरपूर पाणी लागतं. पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, आतली उष्णता नाही.

बॅटरीची ऋण (निगेटिव्ह) तार पाण्यातल्या धातूला कुठेही लागू देऊ नका. थोडासा करंट जरी गळत राहिला तरी शाफ्ट आणि पंखा खाऱ्या पाण्यात विरघळायला लागतात. शाफ्ट-पंख्याऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे वेळेवर बदला. नेहमीपेक्षा लवकर झिजले तर कुठेतरी गळती आहे असं समजा.

खाडीच्या मध्यात बंद पडली तर?

बॅटरीच्या आत बीएमएस नावाचा पहारेकरी असतो. एखादा सेल फार तापला किंवा फार उतरला की तो सगळी वीज तोडतो. बॅटरी वाचते, पण तुम्ही प्रवाहात वाहायला लागता. म्हणूनच वर दोन संच सांगितले. दोघांचे बीएमएस वेगळे, फ्यूज वेगळे, एक तुटला तरी दुसऱ्यावर सावकाश धक्का गाठता येईल. नांगर आणि दोर हाताशी, वल्ही बोटीतच. डिझेलवालेही हे ठेवतात, निदान ठेवायला हवं.

सोबत छोटा जनरेटर ठेवू का?

सहलीच्या बोटीवर ठेवा. फेरीबोटीवर नको, मग तुम्ही रोज तोच चालवाल.

पैसे वाचतात का?

धावण्याच्या खर्चात नक्की. ५ नॉटने तासभर चालायला बॅटरीतून ५ युनिट, चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर साडेपाच. युनिटला १० रुपये धरले तर ५५ रुपये. त्याच वेगाला जुनं डिझेल इंजिन तासाला दोनेक लिटर पितं, लिटरला ९० रुपये धरले तर १८०. तासाला सव्वाशेची बचत. रोज चार तास, वर्षाला ३०० दिवस पंखा फिरला तर दीड लाखाच्या आसपास. तेल, फिल्टर, बेल्ट यांचा खर्च गेला तो वेगळा. याच्या समोर बॅटरी-मोटरचं कोटेशन ठेवा.

बोट रोज तासभरच चालत असेल तर हा पैसा परत यायला इतकी वर्षं लागतात की तोवर बॅटरीच म्हातारी होते. वीज जास्त धावणाऱ्या बोटीला फायद्याची, उभ्या बोटीला नाही.

मासेमारीच्या बोटींना?

खोल समुद्रात दिवसेंदिवस राहणाऱ्या ट्रॉलरला आज तरी नाही. २०० लिटरच्या एका पिंपातल्या डिझेलमधून शाफ्टला साधारण ६०० युनिट मिळतात. तेवढी वीज एलएफपीत भरायची तर जवळपास ५ टन बॅटरी. शिवाय मच्छीमार सोसायट्यांना डिझेलवरचा परतावा मिळतो, त्यामुळे वरचं बचतीचं गणितही पातळ होतं.

खाडीतल्या खाडीत जाळं टाकणाऱ्या एक-दोन माणसांच्या होडीला मात्र ३ किलोवॅटची छोटी मोटर आणि उचलता येईल अशी पेटी छान जमते.

जोरात पळणारी विजेची बोटही असते ना?

असते. माझगाव डॉकसाठी केरळच्या नवाल्ट कंपनीने 'बॅराकुडा' बांधली, डिसेंबर २०२३ मध्ये तिचं जलावतरण झालं. बारा प्रवासी, कमाल वेग साडेबारा नॉट. त्यासाठी ५० किलोवॅटच्या दोन मोटरी, आणि छपरावर सोलर ६ किलोवॅट. १०० ला ६, हे प्रमाण पाहिलं की वेगवान बोटीवर पॅनेलचा हात किती तोकडा पडतो ते कळतं. अशा बोटीला सगळा आधार बॅटरीचा आणि धक्क्यावरच्या जोरदार चार्जरचा. बंदरात कर्मचारी नेण्यासाठी ठीक. शेअर फेरीच्या तिकिटात बसवणं अवघड.

परवानगी कोणाची?

प्रवासी बोटीसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड. देशभर आता १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ लागू आहे. इंजिन काढून मोटर बसवणं म्हणजे नोंदणीतल्या तपशिलातला बदल. आधी कळवा, आराखडा दाखवा, पुन्हा तपासणी करून घ्या. बदल करून मग सांगितलं तर विमाही अडतो.

फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटींना याचा उपयोग?

सगळ्यात जास्त. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या बाजूने निघणाऱ्या सहलींना सावकाशच जायचं असतं आणि वेळही भरती बघूनच ठरते. विजेला हवं ते सगळं इथे आयतं आहे. शिवाय थरथर नाही, धूर नाही, कॅमेरा हलत नाही, आणि मार्गदर्शकाला ओरडून बोलावं लागत नाही. एकच काळजी: आवाज नसल्याने समोरच्या होडीला तुम्ही येताय हे कळत नाही. तिवरांच्या वळणावर भोंगा वाजवा.

पावसाळ्यात बोट वर काढली की बॅटरीचं काय करायचं?

पूर्ण भरून ठेवू नका, पूर्ण रिकामी तर अजिबात नको. अर्ध्यावर आणा, मेन स्विच तोडा, शक्य असेल तर पेटी काढून घरात कोरड्या जागी ठेवा. बीएमएस स्वतः थोडी वीज खात असतो, म्हणून महिन्यातून एकदा व्होल्टेज बघायचं आणि उतरलं असेल तर पुन्हा अर्ध्यावर आणायचं. पेटी बोटीतच ठेवणार असाल तर निळ्या ताडपत्रीखाली गुदमरवू नका. उघडीप पडली की आत भट्टी होते. पॅनेल जागेवर राहू देत, पण चौकटीचे नट-बोल्ट मेअखेरीस आवळून घ्या, पहिल्या वादळी वाऱ्याच्या आत.